मोटारीचे मोडलेले पेडल आणि दुरुस्तीचे शास्त्र

वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत इतिहास, साहित्य, अर्थकारण, अध्यात्म असे विषय पाहण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीत मोटारीचे क्लच पेडल येऊन बसलेले पाहून काहींना नवल वाटले असेल, तर काहींना हा विषय गॅरेजच्या बाकावर शोभणारा वाटला असेल. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. विषय गॅरेजमधलाच आहे. परंतु गॅरेजमध्ये रोज जे घडते त्यालाही शास्त्र असते, आणि ते शास्त्र समजून न घेतल्यामुळे एकच वस्तू तीनतीनदा मोडते, तीनतीनदा पैसे जातात आणि एखादे वेळी माणूसही जातो. म्हणून हा विषय व्यासपीठावर आणणे मला गैर वाटत नाही.

ज्या वरळीत आपण जमलो आहोत तेथे तर हा विषय उपराही नाही. बीडीडी चाळींच्या खोल्यांतून गिरणीकामगार राहिले, गोदीकामगार राहिले, पोलीस राहिले, तसे टॅक्सीवालेही राहिले. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांचे साचे कायमचे थांबले, त्यांच्यापैकी कित्येकांनी पोटासाठी स्टिअरिंग हाती धरले. त्यांच्या हाती जी काळीपिवळी गाडी आली ती बहुधा एकच होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मूळची इटलीच्या फियाट 1100 या जातीची गाडी. 1964 साली ती डिलाइट या नावाने आली, पुढे प्रेसिडेंट झाली, आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. तिचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबर अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आता जी पद्मिनी दिसते ती कोणा हौशी माणसाने किंवा एखाद्या कुटुंबाने जिव्हाळ्याने सांभाळलेली असते. तिचे सुटे भाग तयार करणारा कारखाना मागे उभा नाही. म्हणूनच तिच्यातला एखादा भाग मोडला, की ‘नवा आणून बसवू’ हे उत्तर पुरेसे होत नाही, आणि दुरुस्ती म्हणजे काय याचा विचार करावाच लागतो.

क्लच काय करतो

इंजिन चालू असते तेव्हा ते सारखे फिरत असते. गाडीला मात्र कधी थांबावे लागते, कधी हळू जावे लागते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ हवी तेव्हा सोडायची व हवी तेव्हा बांधायची, हे क्लचचे काम. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्याशी घासून बसेल अशी क्लच प्लेट त्याला लागून असते, आणि स्प्रिंगांच्या जोराने प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. जोवर हा दाब आहे तोवर तिन्ही एकत्र फिरतात आणि इंजिनची शक्ती गिअरपेटीत जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा एक फोर्क पुढे सरकतो. तो रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबते, स्प्रिंगांचा जोर मागे हटतो आणि प्लेट मोकळी होते.

चालकाच्या पायाचा हा निरोप फोर्कपर्यंत पोहोचवण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. काही गाड्यांत लोखंडी दांडा असतो, काहींत तार असते, काहींत तेलाच्या दाबाची नळी असते. काही गाड्यांत पेडल तळातून वर आलेले असते, काहींत फळीखालून लोंबते. परंतु निरोपाची सुरुवात सर्वत्र एकाच वस्तूने होते. ती वस्तू म्हणजे पेडल, आणि पेडल म्हणजे दुसरे तिसरे काही नसून एक तरफ.

तरफ आपल्या घरात पावलोपावली आहे. सुपारी कातरण्याचा अडकित्ता तरफ आहे, दगड उचकटण्याची पहार तरफ आहे. टेकूपासून हात जितका लांब, तितके थोड्या जोरात मोठे काम होते. पेडलच्या बाबतीत टेकू म्हणजे ज्या पिनेवर ते झुलते ती पिन. उदाहरणापुरते धरू, की पिनेपासून पायाच्या पट्टीपर्यंतचे अंतर 25 सेंटिमीटर आहे आणि पिनेपासून दांडा अडकवलेल्या छिद्रापर्यंतचे अंतर 5 सेंटिमीटर आहे. म्हणजे पायाचा जोर पाचपट होऊन दांड्यावर जातो. पायाने 12 किलोचा दाब दिला, तर दांडा 60 किलोने ओढला जातो.

फायदा असा पाचपट मिळतो खरा, पण फुकट काही मिळत नाही. पायाच्या पट्टीवर दाब पडला की पेडलचा दांडा वाकू पाहतो. आणि हा वाकवणारा जोर पट्टीजवळ जवळजवळ शून्य असतो व पिनेकडे जावे तसा वाढत जातो. पिनेजवळ तो सर्वांत अधिक असतो. म्हणून क्लचचे पेडल मोडते तेव्हा ते बहुधा पिनेच्या आसपासच मोडते: जेथे दांडा पिनेच्या नळीला जोडलेला असतो, जेथे छिद्र असते किंवा जेथे त्याला एकदम बाक दिलेला असतो. मोडण्याची जागा दैवाने निवडलेली नसते. ती हिशोबाने ठरलेली असते.

पोलाद थकते म्हणजे काय

आता तो हिशोबच करून पाहू. 12 किलो गुणिले 25 सेंटिमीटर, म्हणजे पिनेजवळ वाकवणारा जोर 300 किलो-सेंटिमीटर. दांड्याची पट्टी तेथे 25 मिलिमीटर रुंद आणि 8 मिलिमीटर जाड आहे असे धरले, तर तिच्या कडेच्या पोलादावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 360 किलोचा ताण येतो. साधे सौम्य पोलाद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 4000 किलो ताणाला तुटते. म्हणजे अकरापट ताकद हाताशी आहे. मग पेडल मोडतेच का?

याचे उत्तर शोधायला युरोपला बरीच वर्षे लागली. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. त्या अपघातात पन्नासांहून अधिक माणसे दगावली. आस मजबूत होता. त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त ओझेही नव्हते. पुढे जर्मनीतील रेल्वेचे अभियंते ऑगस्ट वोलर यांनी आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि दाखवून दिले, की एका झटक्यात जो ताण पोलाद सहज सोसते, तोच ताण लाखो वेळा दिला तर ते मोडू शकते. यालाच धातूची थकावट म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. मोडेपर्यंत वस्तू धडधाकट वाटते. 1954 साली कॉमेट जातीची दोन जेट विमाने आकाशात फुटली. तपासात असे निघाले, की विमानाच्या कवचातील खिडक्यांसारख्या उघड्या भागांच्या कोपऱ्यांशी ताण गोळा होऊन तेथून थकावटीची चीर सुरू झाली होती. आगगाडीचा आस, विमानाचे कवच आणि टॅक्सीचे पेडल यांचा रोग एकच आहे; फरक फक्त आकाराचा.

सौम्य पोलादाचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2000 किलोच्या आतला ताण ते कितीही वेळा सोसू शकते. आपल्या पेडलवरचा ताण 360 आहे, म्हणजे तरीही पाचपटीहून अधिक सवड आहे. आता मुंबईच्या रस्त्यावर काय घडते ते पाहा. क्लचची पिन कोरडी पडते, तार आतून गंजते, रिलीज बेअरिंग घासते. पेडल जड होते. चालक म्हणतो, ‘क्लच जरा कडक झाला आहे,’ आणि पाय अधिक जोराने दाबू लागतो. 12 किलोच्या जागी 30 किलो लागू लागले, की ताण 900 वर गेला. त्यातच पट्टीला एखादे छिद्र असेल, गंजाचा खड्डा असेल, नाहीतर जुन्या वेल्डिंगची खाच असेल, तर त्या कडेला ताण गोळा होतो. पट्टीतल्या साध्या गोल छिद्राच्या काठाशीदेखील ताण सुमारे तिप्पट होतो. 900 चे झाले 2700. सवड संपली. शिवाय गंजलेल्या पोलादाची मूळची मर्यादाच 2000 च्या खाली घसरलेली असते.

मग आकडेमोड फक्त दिवसांची उरते. टॅक्सीवाल्याने दिवसाला हजार वेळा क्लच दाबला असे धरा. लालबाग-परळच्या गर्दीत हा आकडा फार मोठा नाही. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीन लाख, आणि वीस वर्षांचे साठ लाख. एवढ्या वेळा दिलेला तोच झटका कोठेतरी केसाएवढी चीर पाडतो, ती रोज थोडी वाढते, आणि एखाद्या संध्याकाळी सिग्नलला उभे असताना पेडल पायाखालून नाहीसे होते. लोक म्हणतात, ‘अचानक मोडले.’ अचानक काहीच मोडलेले नसते. मोडणे कित्येक महिने चालू होते. त्या संध्याकाळी ते फक्त पूर्ण झाले.

मोडलेला तुकडा वाचावा

म्हणून पेडल मोडले, की वेल्डिंगच्या दुकानाकडे धावण्यापूर्वी मोडलेल्या तोंडाकडे नीट पाहावे. ते तोंड म्हणजे एक लेखच असतो. थकावटीने मोडलेल्या पोलादात दोन भाग स्पष्ट दिसतात. एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजाने तांबूस झालेला. त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. चीर हळूहळू पुढे सरकली तो हा भाग. दुसरा भाग खरबरीत आणि ताजा चमकणारा. तो शेवटच्या दाबाला एकदम तुटला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर समजावे, की ताण बेताचा होता पण दोष फार जुना. खरबरीत भाग मोठा असेल तर समजावे, की पेडलवर जोर फार पडत होता. शिंपल्याच्या रेषा ज्या बिंदूभोवती वळलेल्या असतात तेथून चीर सुरू झाली. तेथे छिद्राची कड आहे, की जुन्या टाक्याची गुठळी, की गंजाचा खड्डा, हे पाहिले की रोगाचे मूळ हाती लागते.

त्याचबरोबर धातू कोणता हेही ओळखावे. तुकडा ग्राइंडरला हलकेच लावला, की सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि मोकळ्या उडतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात. गिरमिटाने छिद्र पाडून पाहिले, तर पोलादाची गुंडाळलेली साल निघते, बिडाचा भुगा पडतो. लोहचुंबक येथे उपयोगाचा नाही. तो दोघांनाही सारखाच चिकटतो. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण बिडाला साधे वेल्डिंग केले तर सांध्याशेजारी ते काचेसारखे ठिसूळ होते आणि पुन्हा तडकते. पेडल बिडाचे निघाले, तर ते सांधण्याच्या भरीस न पडता त्याच मापाचे नवे पोलादी पेडल घडवणे हाच शहाणपणा.

दुरुस्तीची रीत

प्रथम गाडी सुरक्षित जागी आणावी. क्लचवाचून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टरने पुढे ढकलता येते. ही युक्ती गाडी वाटेतून कडेला घेण्यापुरतीच वापरावी. क्लच नसलेली गाडी भर रहदारीतून हाकत नेणे म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव पणाला लावणे होय.

गाडी सपाट जागेवर घेऊन चाकांना अडण्या लावाव्यात, गिअर न्यूट्रल करावा आणि बॅटरीची तार काढावी. खाली शिरायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबून कधीही शिरू नये; खाली मजबूत स्टँड द्यावेत. पेडल काढण्यापूर्वी त्याची मूळ जागा, बाक आणि उंची यांची नोंद करावी. जाड पुठ्ठ्यावर दोन्ही तुकडे जुळवून ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढून घेतली, की पुढचे निम्मे काम सोपे होते. कित्येक जुन्या गाड्यांत क्लचचे आणि ब्रेकचे पेडल एकाच पिनेवर असते. तेव्हा कोणता वायसर कोणत्या बाजूला होता, स्प्रिंग कशात अडकली होती, हे खुणा करून ठेवावे. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. चार पैशांच्या लोभाने अख्खा दांडा सुटतो.

आता सांधण्याचे काम. पेडल गाडीतच ठेवून वेल्डिंग करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ठिणग्या तळाच्या गालिच्यात पडतात, जवळपास पेट्रोलची नळी असते, आणि मुख्य म्हणजे सांधा फक्त एका बाजूने होतो. तुकडे बाहेर काढून गंज, रंग व ग्रीस स्वच्छ खरवडावे. दोन्ही तोंडांच्या कडा दोन्ही बाजूंनी उतरत्या कापाव्यात, म्हणजे तुकडे जुळवले असता खाचा तयार होतात आणि सांधा पोटापर्यंत भरतो. हे न करता नुसता वरवर धातूचा थर दिला, तर आत चीर तशीच जिवंत राहते. तुकडे पुठ्ठ्यावरील रेषेबरहुकूम जुळवून अँगलच्या तुकड्यावर घट्ट आवळावेत, आधी दोनचार ठिकाणी टाके मारावेत, माप पुन्हा ताडून पाहावे आणि मगच पूर्ण सांधा भरावा. कांडी कोरडी असावी. दमट कांडीने सांध्यात ओलीचा वायू कोंडतो आणि नंतर बारीक चिरा पडतात. एकदम लांब सांधा न भरता एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने आखूड आखूड भरावा, म्हणजे पेडल वाकडे होत नाही. काम झाल्यावर पाण्यात बुडवू नये. कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश थंड होऊ द्यावे. घाईने थंड केलेले पोलाद कडक होते, आणि पेडलला कडकपणापेक्षा चिवटपणा हवा असतो.

सांध्यावरचा उंचवटा नंतर कानशीने काढून गुळगुळीत करावा. कानशीचे ओरखडे पट्टीच्या लांबीच्या दिशेने जावेत, आडवे जाऊ नयेत. आडवा ओरखडा हीच नव्या चिरेची सुरुवात असते. जोडपट्टी द्यायची असेल, तर तिची टोके शंकरपाळ्यासारखी निमुळती करावीत. चौकोनी जोडपट्टी आडव्या रेषेत संपते आणि नेमकी त्या रेषेवर नवे मोडणे ओढवून घेते. पुष्कळ मेस्त्री जोडपट्टी जितकी जाड तितकी बरी असे मानतात. प्रत्यक्षात फार जाड पट्टी ताण नाहीसा करीत नाही. ती तो शेजारी ढकलते.

आणि यानंतर, माझ्या मते, दुरुस्तीचा खरा भाग सुरू होतो. पेडल ज्या पिनेवर झुलते ती पिन व तिचे बुश तपासावे. घासलेली पिन लेथवर नवी करून घ्यावी, बुश फॉस्फर ब्रॉन्झचे बसवावे, ग्रीसची वाट मोकळी करावी. दांड्याची भोके लांबट झाली असतील तर ती भरून पुन्हा पाडावीत. तार असेल तर ती काढून बोटांनी ओढून पाहावी. अडखळली तर बदलावी. फोर्क हाताने हलवून पाहावा. पेडल मोडले ते का मोडले याचे उत्तर निम्म्याहून अधिक वेळा येथे सापडते. हे न करता सांधलेले पेडल परत बसवणे म्हणजे भिंतीची चीर गिलाव्याने बुजवण्यासारखे आहे. बीडीडी चाळीच्या रहिवाशांना हे उदाहरण वेगळे समजावून सांगायला नको. आतली सळी गंजून फुगली, की वरचा गिलावा पुन्हा पुन्हा पडतो. गिलावा दरवर्षी करता येतो. सळीचे दुखणे त्याने बरे होत नाही.

बसवण्यापूर्वी पेडलची परीक्षा घ्यावी. एरवी लागतो त्याच्या दोनतीन पट दाब बाकावर देऊन पाहावा. मग एक जुनी आणि स्वस्त युक्ती करावी. सांधा घासलेटने भिजवून थोडा वेळ ठेवावा, कोरड्या फडक्याने लख्ख पुसावा आणि वर खडूची पूड भुरभुरावी. कोठे केसाएवढी चीर असेल, तर तिच्यात मुरलेले घासलेट हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीत काळसर रेघ उमटते. रेघ उमटली तर ते पेडल गाडीत जाता कामा नये.

शेवटी पेडलची ढील जुळवावी. पेडल दाबायला सुरुवात केल्यावर काही अंतर ते हलकेच जाते आणि मग जोर लागतो. त्या हलक्या अंतराला ढील म्हणतात. बहुतेक जुन्या गाड्यांत ती पट्टीपाशी 20 ते 25 मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेले माप प्रमाण मानावे. ढील मुळीच नसली तर बेअरिंग सतत घासते आणि प्लेट घसरते. ढील फार झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर करकरतात. ज्या चालकाला डावा पाय नेहमी क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय आहे, त्याने उत्तम केलेली दुरुस्तीही लवकर वाया जाते.

घाई, कायदा आणि हाताचे ज्ञान

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की हे सगळे ठीक, पण टॅक्सीवाल्याला वेळ कोठे होता? आक्षेप खरा आहे. सकाळच्या पाळीला गाडी बंद पडली, की दिवसाची कमाई गेली, आणि गाडी भाड्याची असेल तर मालकाचे पैसे द्यायचेच असत. तो मेस्त्रीला म्हणे, ‘मेस्त्री, फक्त टाका मारा, संध्याकाळी बघू.’ आणि मेस्त्री टाका मारी. त्यात दोघांचाही दोष शोधण्यापेक्षा एक भेद लक्षात ठेवावा. टाका ही तात्पुरती सोय आहे, दुरुस्ती नाही. तात्पुरती सोय गैर नसते. ती तात्पुरती होती हे विसरणे गैर असते. एक गोष्ट मात्र निरपवाद सांगतो. क्लचच्या पेडलला एक वेळ टाका चालेल, पण ब्रेकच्या पेडलला कधीही नाही. क्लचचे पेडल मोडले तर गाडी अडते. ब्रेकचे मोडले तर गाडी अडत नाही, हाच अनर्थ आहे. एका पिनेवर दोन्ही पेडले असतील, तर एकाच्या निमित्ताने दुसऱ्याचीही घासलेट-खडूने तपासणी करून घ्यावी.

आज ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांच्या बाबतीत घाईचे कारण उरलेले नाही. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी विंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. सांगाडा, साटा किंवा इंजिन यांत भरीव फेरफार केलेली गाडी या वर्गात बसत नाही, आणि अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाही. 1964 ची डिलाइट या वयात केव्हाच आली आहे. पहिल्या पद्मिनीही आता त्याच उंबरठ्यापाशी आहेत. या गाड्या सांभाळायच्या तर मूळ भाग दुरुस्त करण्याची विद्या जिवंत हवी. पेडल कापून तेथे दुसऱ्या गाडीचे पेडल जोडणे सोपे आहे, परंतु त्याने गाडी चालती राहिली तरी ती गाडी ती राहत नाही.

ही विद्या आली कोठून? गिरण्यांच्या मेकॅनिक खात्यांत फिटर, टर्नर, वेल्डर होते. मोडलेले साचे सुरू ठेवणे हे त्यांचे रोजचे काम. थकलेले पोलाद कसे दिसते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. गिरण्या गेल्या तरी ते हात राहिले, आणि त्यांतले काही लहानसहान गॅरेजांतून मोटारींकडे वळले. 1920 नंतरच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळीत 121 चाळी उभ्या केल्या. एकेका चाळीत 80 खोल्या, एकेक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. एवढ्याशा खोलीत औजारे ठेवायला जागा नव्हती. पण शेजारी शेजाऱ्याकडून हुन्नर शिकू शकत होता, कारण भिंतीपलीकडे, व्हरांड्यात, जिन्यावर माणूस सतत दिसत होता. आता त्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही समाधानाची गोष्ट आहे, आणि जुन्या खोल्यांच्या गैरसोयींवर भावनेचा मुलामा देण्याचे कारण नाही. मात्र हुन्नर किल्लीबरोबर मिळत नाही. तो शिकवावा लागतो, आणि जे जाणते आहेत त्यांच्या हयातीतच शिकून घ्यावा लागतो. मेस्त्रीने मोडलेला तुकडा फेकून न देता शेजारच्या मुलाच्या हातात द्यावा, ‘बघ, ही शिंपल्याची रेघ येथून सुरू झाली’ असे दाखवावे. एवढ्याने शिक्षणाची सुरुवात होते, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

तात्पर्य, पेडलचे शास्त्र लहान आहे, पण त्यातून निघणारा नियम लहान नाही. मोडलेली वस्तू जोडण्याआधी ती कोठे मोडली ते पाहावे. कोठे मोडली ते कळल्यावर का मोडली ते शोधावे. आणि ते कारण दूर करून मगच जोडावी. या क्रमात जो उलटापालट करतो, त्याला तीच वस्तू पुन्हा जोडावी लागते. हा क्रम जो पाळतो, त्याची गाडी पुढच्या पिढीच्या पायाखाली सुखरूप जाते.